वाळल्यावरचा रंग

"तुम्हाले रंग पाह्यजे, का इथं यायचं निमित्त?"

खरं तर हा प्रश्न चारुशीलाचा नव्हताच. तो सोनिका आणि ऋतुजाचा. सक्करदऱ्याच्या रंगाच्या दुकानात तिघी मिळून काउंटर सांभाळायच्या, आणि दर आठवड्याला येऊन तपकिरी रंगाची नवीच छटा मागणाऱ्या या उंच मुलावरून पैज लागली होती... विचारलंस तर तर्री-पोहे आमच्याकडून. चारूने विचारलं, आणि विचारता विचारता कानापर्यंत लाल झाली.

त्याने हातातला डबा काउंटरवर ठेवला, परत उचलला.

"रंगच पाह्यजे," तो म्हणाला. मग हळूच, "म्हणजे... सुरुवातीला तरी रंगासाठीच येत होतो."

मागे ऋतुजाला ठसका लागला.

त्याचं नाव हेमराज. हिंगण्याला त्याचं गॅरेज होतं, आणि जुन्या मिलिटरी गाड्या पुन्हा होत्या तशा करायचं वेड. सध्या शेडमध्ये लिलावातली एक जीप उभी होती. अशीच जीप त्याच्या आजोबांनी, शालिकरामजींनी, एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेकडे चालवली होती. खालचा हिरवा त्याला सापडला होता. नंबरप्लेटमागचे थर एकेक खरवडून अगदी आतला. पण आजोबांच्या कृष्णधवल फोटोत त्या हिरव्यावर फिकट पट्टे होते, शत्रूच्या विमानांना गाडी दिसू नये म्हणून मारलेले. ते कोणत्या रंगाचे? पुस्तकं एक सांगत होती, इंटरनेट दुसरं.

"मंग आजोबालेच विचारा ना," चारू म्हणाली.

"मागच्या साली लकव्याचा झटका आला त्यांले. बोलता-लिहिता येत नाही." तो जरा थांबला. "प्रत्येक डबा नेऊन दाखवतो. ते नाही म्हणून मान हलवतात अन् खाली बोट दाखवतात. मी चप्पल आणून देतो."

"घालतात?"

"फेकतात."

चारूला हसू आवरेना. हसणं बरोबर नाही हेही कळत होतं... पण तोही हसत होता, आणि हसताना त्याचे डोळे बारीक होत होते, आणि ते तिने पाहिलं होतं.

घरी आईने, शोभाताईंनी, ताटावरच विषय काढला. रविवारी उमरेडचे पाहुणे येणार होते. मुलगा चेतन, शिकलेला, निर्व्यसनी, घरचं दुकान. "त्यात काही खोट असेल तं सांग वं," आई म्हणाली. खोट काहीच नव्हती. तीच तर अडचण होती. एकदा पाहुणे बसले, चहा झाला, की नाही म्हणणं अवघड, हे चारूला ठाऊक होतं. ती वरणभात कालवत राहिली.

गुरुवारी दुकान बंद. तिने स्कूटी काढली ती थेट हिंगण्याला.

शेडच्या दारात हिवाळ्याचं कोवळं ऊन पडलं होतं. खुर्चीत मफलर गुंडाळलेले शालिकरामजी, पायाशी चपलेचे दोन जोड. चारूने फोटो उजेडात धरला, डोळ्यांजवळ नेला. ती रंगवाली होती. ब्रशची रेघ आणि रोलरची रेघ तिला झोपेतही ओळखू आली असती. बॉनेटवरची ही रेघ दोन्हींतली नव्हती. चार ओळी, शेजारी शेजारी, टोकाला निमुळत्या.

"हे बोटांनी लावलं आहे," ती म्हणाली. "पेंट बोटांनी कोण लावते?"

हेमराज जवळ आला. फोटोवर वाकला. त्याच्या शर्टाला ग्रीसचा आणि साबणाचा वास होता... चारू क्षणभर फोटो विसरली. मग तिने आजोबांकडे पाहिलं. त्यांचं बोट पुन्हा खाली. चपलेकडे नाही, चपलेच्या पलीकडे.

ती उकिडवी बसली, मूठभर माती उचलली आणि त्यांच्यासमोर धरली.

म्हाताऱ्याने मान इतक्या जोरात डोलावली की मफलर सुटला.

"माती," हेमराज पुटपुटला. "अन् मी त्यांले चप्पल देऊन राहिलो होतो."

पण ही काळी माती आजोबांना पसंत नव्हती. ती चिमटीत चुरगाळून त्यांनी नाक मुरडलं. हेमराजने विचार केला. पूर्वेकडचा तो मुलूख धानाचा. त्यांचं गाव कुही, तिथेही घरची धानाचीच शेती. "आपल्या बांधीतली चालेल का, आबा?" आबांनी डोळे मिटले. ते हो होतं.

शनिवारी दुकानातून लवकर सुटून चारू आली तेव्हा कुहीची माती घमेल्यात भिजत होती, आणि हेमराजचं तोंड उतरलेलं. दुपारी पत्र्यावर लावून पाहिलेले पट्टे वाळले आणि टिचकी मारताच खपल्या होऊन पडले.

चारूने पिशवीतून झाकणाचा डबा काढला. भाताची घट्ट पेज.

"उपाशी नाही मी," हेमराज म्हणाला.

"तुझ्यासाठी नाही, जीपसाठी आहे. आमच्या घरी हातमाग होता. बाबा कंपनीत लागले अन् विकला. सुताले अशीच पेजेची खळ लावत होते आम्ही, म्हणून धागा धरून राहत होता." तिने पेज मातीत ओतली. कालवताना तो जुना आंबूस वास वर आला, आणि एकदम मागाची खटखट, उन्हात ताणलेलं सूत, पहाटे कुंचा फिरवणारी आई... सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. "तेव्हा फौजेत काय मिसळत होते कोणाले ठाऊक. माती आबांची, खळ आमची."

दोघं दोन बाजूंनी जीपच्या बॉनेटवर बोटं ओढू लागले. "बरोबर दिसते," हेमराज लगेच म्हणाला.

"ओला रंग खोटा असते. वाळू दे."

वाळेपर्यंत बोलायला वेळच वेळ होता.

"उद्या आबाले जीपमधून तलावावर फिरवतो," तो म्हणाला. "तू पण ये."

"उद्या मले पाहाले येऊन राहिले. उमरेडवरून."

त्याची बोटं एकाच जागी फिरत राहिली.

"तिथं जाड होऊन राहिलं," चारू म्हणाली.

"होऊ दे." त्याने बॉनेटवरची नजर काढली नाही. "मले काही सांगायचं होतं. पण हात मातीचे आहेत."

"बोलाले हात लागते का?"

"लागत नाही," तो म्हणाला. अजूनही बॉनेटकडेच पाहत. "मले तू आवडते, चारू. त्यांच्यासमोर नको बसू."

चारूचं तोंड उघडलं, पण शब्द फुटायच्या आत मागे आबांची खुर्ची करकरली. माती वाळली होती. तपकिरी जाऊन फिकट, राखाडी-पिवळी झाली होती. शालिकरामजी जीपला धरून उभे होते. त्यांनी पट्ट्यावरून तळवा फिरवला, दोघांच्या आधाराने स्टीअरिंगमागे चढले, आणि हसले. गालावरून पाणी ओघळत होतं, पण हसू पोराचं होतं. हेमराज त्यांच्याकडे बघत राहिला. चारू हेमराजकडे.

ती घरी पोचली तेव्हा कोपरापर्यंत माती होती. बाबा, चंपतराव, टीव्ही पाहत होते. आई उद्याच्या चिवड्याचे पोहे निवडत होती.

"हे काय वं? काहून अशी मातीत लोळून आली?"

"सांगते. पहिले टीव्ही बंद करा, बाबा." टीव्ही बंद झाला. चारू दारातच उभी राहिली. "उमरेडच्या लोकांले येऊ नका म्हणून सांगा. नाहीतर मीच फोन करते. त्यांच्या पोरात काही खोट नाही. पण मले हेमराज आवडते. हिंगण्याले गाड्या दुरुस्त करते तो. लग्न करीन तं त्याच्याशीच. हे त्याले अजून सांगितलं नाही मी... तुम्हाले आधी सांगून राहिली."