कपाशीतले दोन झोत

पहिली ओळख झाली ती अशी, की मी त्याच्या डोक्यावर कपाशी ओतली!

आमच्या ब्राह्मणपुरीच्या मळ्यात गाडी भरणं चाललं होतं. दोन्ही कडांना बांबूचे उंच तट्टे, पुढं-मागं फट, मध्ये मी. कपाशी तुडवता तुडवता शाळेच्या संमेलनातलं भाषण मोठमोठ्यानं म्हणत होते, "...त्या दूरच्या दीर्घिकेतून निघणारा झोत—" 'झोत'वर मी अशी काही उडी मारली, की मागच्या फटीतून पांढरा लोट भस्सकन बाहेर!

"अरे बाप रे!"

वाकून पाहते तर शहाद्याचे व्यापारी भीकमचंदशेठ माल बघायला आलेले, आणि मागे त्यांचा मुलगा सुमेर. माझ्याच शाळेतला, अकरावी ब. केसांत कपाशी, भुवईवर कपाशी... आणि त्याखाली हसरे, काळेभोर डोळे. हे डोळे शाळेत कसे दिसले नव्हते मला?

"संपला झोत?" तो म्हणाला. "की अजून येतोय?"

"उभा राहा तिथंच, कळेल!"

"उभाच आहे."

माझे पाय आपोआप थांबले.

"यंदा माणूस चंद्रावर उतरला. तू कुठं निघालीस?"

"चंद्र? तो तर आमच्या अंगणात! मी लाखो प्रकाशवर्षं..."

तेवढ्यात माझे वडील, आबा आले. धुळ्याच्या कॉलेजसाठी मी कधीची त्यांच्या मागे लागले होते. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरी, तू काय बडबड करी ऱ्हायनी, ते माले समजाडी दे. समजनं ते धुळाले धाडसू. नहीते मॅट्रिक बास."

मी सुरू केलं. "दीर्घिकेच्या, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहाच्या केंद्रात कृष्णविवर असावं, असं काही शास्त्रज्ञ मानतात. ते सारं गिळतं..."

"आख्खं गिळस? मंग बाहेर काय फेकस? व्यापारी कधी परत देस का?"

शेठजी खो खो हसले. मी अडखळले... सुमेर मात्र हसला नाही. एकटक बघत होता, जणू मला येणारच आहे! त्याच्या कानावर अजून एक पुंजका लोंबत होता. आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं.

"आबा, हाई देखा!" मी मधोमध दणादण तुडवू लागले. "माल मझार दाबाई ऱ्हायना. कडेले तट्टा, जागा नही. मंग गिळाना आधीच थोडा माल पुढून नि मागून सुटस. दोन झोत!"

दोन्ही फटींतून कपाशी उसळली.

"आनि ताकद कितली?"

"आपली आकाशगंगाना आख्खा तारा मिळीसन जितला उजेड देतस, त्यानापेक्षा जास्ती!"

आबांनी भर दुपारी मान वर करून आभाळ पाहिलं. बराच वेळ. "समजनं," ते हळूच म्हणाले. "जाय धुळाले."

मी कपाशीतच नाचले! सुमेर तट्ट्याला टेकला, आवाज उतरवून म्हणाला, "रेवा, तुझं भाषण मला पाठ आहे. मधल्या सुट्टीत भिंतीपलीकडून ऐकतो मी... रोज."

"मग बोलला का नाहीस?"

"धीर नव्हता." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आज आला."

आणि तो वळला. "बापूजी, दुकानावर मी नंतर बसेन. मलाही धुळ्याला जायचंय."

"क्यूं?" शेठजींनी विचारलं.

सुमेर फक्त माझ्याकडे बघत राहिला... इतकं सरळ, इतका वेळ, की शेठजींची नजरही हळूहळू गाडीकडे वळली. मी मटकन खाली बसले, कपाशीत तोंड खुपसलं. पण हसू काही लपेना!