आधी पट्टीला हात लावा

पेट्रोल येईना.

नळी टाकीत नीट खोचलेली, पैसे भरलेले, हँडल मी दोन्ही हातांनी दाबून धरलेलं… तरी थेंब नाही. बर्फ भुरभुरत होता आणि माझं नाक कधीच बधिर झालं होतं. मी इकडेतिकडे पाहिलं आणि मशीनला हळूच एक लाथ घातली.

“लाथ नको, हात लावा,” मशीन म्हणालं.

मी दचकलेच. वरच्या भोंग्यातून कुणीतरी पुरुष बोलत होता.

“समोर काळी पट्टी दिसतेय ना… तिला. हातमोजा काढून. स्वेटर लोकरीचा आहे तुमचा, अंगात वीज साठली असणार. ती आधी उतरू दे, मग पेट्रोल.”

“तुम्हाला कसं दिसतंय?” मी मशीनच्या जाळीत तोंड घालून विचारलं.

“काचेमागे बघा. मी इथे तेवढ्यासाठीच बसलोय.”

केबिनच्या काचेमागे कानटोपी घातलेल्या एका तरुणाने हात वर केला. मी उघडा तळवा पट्टीला टेकवला. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, एक बटण दाबलं, आणि हातातली नळी थरथरून वाहायला लागली. आमच्याकडे जपानात पेट्रोल आपलं आपणच भरायचं असलं, तरी आतला माणूस स्वतःच्या डोळ्यांनी बघून बटण दाबत नाही तोवर थेंब सुटत नाही. योकोहामात जन्मभर ट्रेनने फिरलेल्या मला हे कुठून माहीत असणार?

त्या शरद ऋतूत मी उत्तरेकडच्या नायोरो गावात आले होते. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचे केस कापायचे, हे माझं काम. गाडीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं – ‘चिनात्सु इगाराशी, घरी येऊन केस कापते’. गावात ओळखीचं कुणी नव्हतं. दिवसभर लोकांशी गोड बोलायचं आणि संध्याकाळी भिंतीशी. त्यामुळे काचेमागच्या त्या तरुणाचा, कुराता-सानचा, भोंगा मला फारच आवडायला लागला, हे मान्य करते. टाकी अर्धी झाली की मी पंपावर हजर.

“इगाराशी-सान, गाडी पेट्रोल पितेय की गळतेय? परवाच तर भरलंत.”

“इथल्या म्हाताऱ्यांचे केस भराभर वाढतात. फार फिरावं लागतं.”

“माझे नाही वाढत ते…”

“टोपी काढा, मग सांगते.”

“ड्युटीवर टोपी काढायची परवानगी नाही.”

“बाई गं, तुमच्याकडे सगळ्यालाच परवानगी लागते!”

काचेमागे तो हसला. मग घसा खाकरून म्हणाला, “टक् वाजलं की थांबायचं हं. आणखी थोडं, आणखी थोडं, असं वरून ओतायचं नाही.”

“हावरटपणा नको, असंच ना?”

“टाकीच्या बाबतीत… हो.”

मी झाकण लावताना उगाचच लाजले.

फेब्रुवारीत एका दुपारी वारा असा सुटला की डोळ्यांत पाणी आलं. मी नळी टाकीत लावली, हँडलची खिट्टी अडकवली आणि ऊब घ्यायला गाडीत जाऊन बसले. जाड कोटही काढून मागे फेकला. टक् आवाज आला तशी बाहेर आले आणि सरळ नळीकडे हात नेला.

“चिनात्सु! हात मागे घे!”

मी जागच्या जागी थिजले. कुराता-सान केबिनमधून तसाच, कोटाशिवाय, बर्फातून धावत आला. मला बाजूला करून त्याने पट्टीला हात लावला, नळी काढली, झाकण लावलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

“सीटवर अंग घासलं, कोट काढला… पुन्हा वीज साठते. टाकीच्या तोंडाशी पेट्रोलची वाफ असते. एक ठिणगी जरी…”

मग आपण काय म्हणालो ते त्याच्या ध्यानात आलं असावं. तो कानापर्यंत लाल झाला आणि कमरेत वाकला.

“माफ करा, इगाराशी-सान. आडनाव नाही, आदराचं ‘सान’ नाही… सरळ नाव, वर अरेतुरे. ग्राहकाशी असं बोलणं शोभत नाही.”

“अहो, पण तुम्ही मला…”

तो केव्हाच आत गेला होता. आभार मानायचे राहूनच गेले.

त्यानंतर भोंगा गप्प झाला. मी पट्टीला हात लावायचे, तो बघायचा, बटण दाबायचा आणि मान खाली घालायचा. बोलायची ती फक्त मशीनमधली रेकॉर्ड केलेली बाई. तिच्याशी काय बोलणार?

एके दिवशी मी उमेझावा आजींचे केस कापत होते. पंपावर त्या दुपारी माझ्या मागच्या गाडीत त्याच होत्या, त्यांनी सगळं पाहिलं होतं.

“तो पंपावरचा पोरगा जातोय, कळलं का?” आजी म्हणाल्या. “असाहिकावाच्या पंपावर बदली मागितलीय. ग्राहकाशी बोलायची मर्यादा सोडली म्हणे.”

“माझ्यामुळे?”

“नाहीतर काय माझ्यामुळे? मला तो इतकी वर्षं उमेझावा-सानच म्हणतोय.”

“कधी जातोय?”

“उद्या शेवटचा दिवस. कात्री थांबवू नकोस, पोरी. आधी माझं दुसरं अर्धं डोकं कर.”

मी कापत राहिले. कात्री धरणारी ही बोटं, हा चेहरा, सगळं त्याच्या एका हाकेमुळे शाबूत होतं. आणि मी साधे आभारसुद्धा मानले नव्हते. उद्या तो गेला की ते जन्मभर माझ्यापाशीच राहणार होते.

दुसऱ्या दिवशी टाकी जवळजवळ भरलेली असताना मी पंपावर गेले. शेजारच्या मशीनवर उमेझावा आजी रॉकेलचा डबा भरत होत्या. योगायोगाने, असं त्या अजून म्हणतात. मी इंजिन बंद केलं, हातमोजा काढला, तळवा पट्टीवर ठेवला.

“कुराता-सान.”

भोंगा खरखरला. मग – “…टाकी भरलेली असेल तुमची. कालच भरलीत.”

“पेट्रोल नकोय. आभार मानायचेत. तुम्ही मला वाचवलंत. आणि त्याच्याही आधीपासून… कुणीतरी माझ्याकडे नीट बघतंय, एवढ्यानेच मला या गावात थंडी कमी वाजायला लागली.”

काचेमागे त्याने मान वर केली.

“मर्यादा सोडलीत म्हणता. मी इथे आल्यापासून मला कुणी नुसत्या नावाने हाक मारली नव्हती हो…” मी तळवा पट्टीवर आणखी दाबला. “तुमच्याकडे सगळ्याला परवानगी लागते ना? मग ही घ्या. मला नावाने हाक मारायची. कायमची.”

“अरे बोल की,” आजी ओरडल्या, “माझे पाय गोठले इथे.”

“चिनात्सु…” सगळ्या पंपाने ऐकलं. “बदली रद्द करायला मालकांना फोन करावा लागेल.”

“मग करा.”

“आधी बाहेर येतो. तिथेच थांब. गाडीत बसू नकोस.”

तरी शिस्त सुटली नाहीच. त्याने आधी सगळी मशीनं बंद केली. “माझा डबा अर्धाच भरलाय,” आजी कुरकुरल्या, पण तोंड फिरवून हसल्या.

तो टोपी काढून आला. केस असे वेडेवाकडे कापलेले, की माझ्यातली न्हावीण हळहळली. त्याने माझ्याकडे हात पुढे केला, मध्येच थांबला, वळून पट्टीला तळवा टेकवला… आणि मगच माझा हात धरला.