कापलेले पट्टे

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथेच थांबा, पटवून द्यायची मला हौस नाही.

आणि रात्रीचीही नाही. रविवार होता, दुपारचे साडेतीन. घणसोली, डिसेंबर १९९६.

माझा धाकटा भाऊ राजवर्धन, आमचा राजा, सायकलच्या शर्यतीत उतरायचा. फेब्रुवारीत राज्याच्या संघाची निवड होती. पण थंडीत ठाणे-बेलापूर रस्त्यावर पहाटे धुकं दाटायचं. एका ट्रकने त्याला घासलं आणि आईने सांगून टाकलं, संक्रांतीपर्यंत रस्ता बंद.

मग सरावाला घरात काय घ्यायचं? त्याच्या जोडीचा करावे गावचा कुंदन म्हणाला, रोलर घे. आपलीच सायकल त्याच्यावर चालवायची, तोल राहतो. मला धास्ती, हा लादीवर आपटेल. मीच हट्ट धरला की जागेवरची व्यायामाची सायकल घेऊ.

शहाणपणा माझाच.

पावणे गावात धर्मराजच्या भंगाराच्या दुकानात एक मिळाली. चांगली होती. फक्त पाय बांधायचे चामडी पट्टे...

कापलेले होते.

झिजलेले नाहीत. पात्याने, आडवे कापलेले.

मी चांभाराकडून नवे शिवून घेतले. त्याचा काळा दोरा संपला होता, त्याने पिवळा वापरला.

नव्या गाडीला ठेवतात तसं आईने चाकाखाली लिंबू ठेवलं. चाक जमिनीपासून चार बोटं वर. चिरडणार कसं? आम्ही हसलो.

सकाळी लिंबू...

सपाट झालं होतं.

कुणाचा तरी पाय पडला असेल, असं मीच सगळ्यांना सांगितलं.

त्या रविवारी आई-आबा लग्नाला गेले होते. मी स्वयंपाकघरात भेंडी चिरत होते. आतून चाकाची घरघर येत होती. वाढत गेली. आज जोरात आहे गडी, म्हटलं.

मग लक्षात आलं. त्याची धाप ऐकू येत नव्हती.

मी आत गेले. तो हँडल धरून बसला होता. चेहरा पांढराफटक. अगदी हळू म्हणाला,

"ताई, मी पाय मारत नाहीये."

पायडल त्याचे पाय ओढत होते. पट्टे बुटात रुतले होते. मी चाक धरलं, तळहात सोलले. थांबेना. सुरी आणली. एक पट्टा कापला, दुसरा कापला. तो खाली कोसळला. गुडघा भलतीकडेच वळला होता.

चाक मात्र फिरतच होतं...

रिकामं. आणखी जोरात.

आधी कुणी आणि का कापले असतील ते पट्टे, मला तेव्हा कळलं.

शर्यती संपल्या. राजा मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आबांनी त्याच संध्याकाळी ती सायकल धर्मराजकडे परत टाकली. कापलेले पट्टे लोंबत होते, मी स्वतः पाहिलंय.

मार्चमध्ये मी पावण्याला गेले. ती दुकानाबाहेरच उभी होती.

पट्टे...

धड होते. पिवळ्या दोऱ्याचे.

मी धर्मराजला विचारलं, कुणी शिवले?

"तुमी दिली तशीच हाय ती. मी हातपन लावला नाय."

एक बाई भाव करत होती. म्हणाली, पोरगा रस्त्यावर पडण्यापेक्षा हे बरं. मी हजार वेळा सांगितलं, घेऊ नका. तिला मी वेडी वाटले. टेम्पोत चढवली तिने.

शेवटी एवढंच म्हटलं,

"बाई, घरात सुरी हाताशी ठेवा."

तिचं नाव विचारायचं राहिलं. तेच अजून झोपू देत नाही.