तळं त्याचं, माणसं तिची

पाण्यावर एक पिवळी नळी तरंगत होती, नळीखाली माणूस पालथा होता आणि माणूस हलत नव्हता.

"अहो... ऐकू येतंय का?" शेततळ्याच्या बांधावरून अश्विनी ओरडली. उत्तर नाही. मग तिने मागचापुढचा विचार केला नाही. चपला भिरकावल्या, पिशवीतलं तरंगायचं जॅकेट अंगात चढवलं, दोर धरून निसरड्या प्लास्टिकवरून पाण्यात उतरली आणि त्याचा दंड गच्च धरला.

तो दचकला, नाकातोंडात पाणी गेलं, खोकला, आणि मास्क कपाळावर सारून तिच्याकडे बघतच राहिला.

"आवो, काय करताय? मासे पळाले ना सगळे!"

"तुम्ही... जिवंत आहात?"

"मघापर्यंत तरी हुतो. आता सांगता येत न्हाई..."

हा कानिफनाथ. राहुरीच्या बाजूला शेती, तळ्यात रोहू आणि कटला. टाकलेलं खाद्य मासे खातात की तळाशी कुजतं, हे काठावरून कळेना, म्हणून पठ्ठ्याने पाण्याखाली बघायचा मास्क आणि श्वास घ्यायची नळी मागवली होती. आणि अश्विनी नगरला पोहणं शिकवायची. इथल्या बचत गटाच्या बायकांना मालवणला अशीच नळी लावून समुद्रातले मासे दाखवायला न्यायचं तिने कबूल केलं होतं. त्यांच्या सरावासाठी ती हेच तळं मागायला आली होती, आणि मागायच्या आधीच त्यात उतरली होती.

"तळं तुमचंच समजा," केस पुसत तो म्हणाला. "पन मला वाचवायची गरज नव्हती. मुळा धरणाच्या बॅकवॉटरमधी या काठावरनं त्या काठाला जातो मी."

"जात असाल. पण नळी लावून मासे बघणारा आणि बुडालेला, काठावरून दोघं सारखेच दिसतात. दोघंही पालथे, दोघंही गप्प. माझ्या सरावात कुणीही जॅकेटशिवाय पाण्यात उतरणार नाही."

"कुनीबी म्हंजी बायका."

"कुणीही म्हणजे कुणीही."

तो हसला. हसताना त्याच्या गालावर पाण्याचा एक थेंब अडकला होता, आणि अश्विनीला तो उगाचच दिसला.

सराव सुरू झाला. कानिफ काठावर दोर धरून बसायचा, थंडीने कुडकुडणाऱ्या बायकांना गुळाचा चहा द्यायचा. अश्विनीचा कप मात्र शेवटी यायचा आणि सगळ्यात गरम असायचा. देताना बोटं लागायची... लागली की दोघंही तळ्याकडे बघायची. गटाच्या पुढारीण केशरबाई, म्हणजे कानिफची चुलती, पदराआड हसायच्या. अश्विनीला तो आवडू लागला होता. अगदी सरळ, साधा, मनापासून आवडू लागला होता. नाही म्हणण्यात काय अर्थ?

आणि नेमकं तेव्हाच त्याने माती खाल्ली. एका सकाळी सगळ्यांसमोर उघड्या अंगाने सूर मारला, तळाला जाऊन मूठभर शेवाळ वर आणलं आणि अश्विनीकडे बघून भुवया उडवल्या. बायकांनी टाळ्या पिटल्या. केशरबाईंनी आपल्या जॅकेटचा पट्टा सोडला.

"कान्या घालीत न्हाई, मंग मी कशाला घालू? म्या बी म्हायेरच्या हिरीत पवलेली हाय." मागोमाग दुसरीचा पट्टा सुटला, मग तिसरीचा.

अश्विनीने शिट्टी मारली. "सगळ्या बाहेर या. सहल रद्द."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. बिचाऱ्यांनी वर्षभर त्या समुद्राचीच स्वप्नं बघितली होती. अश्विनी ओली जॅकेटं गोळा करू लागली.

"आवो मॅडम, माझ्यापायी त्यांची सहल कशाला?" कानिफ धावत आला.

"कारण त्या तुमच्याकडे बघतात. तुम्ही काढलं की त्या काढणार. समुद्रात एकीचा जरी दम तुटला, तर तोंड पाण्यात असेल, तिची हाक पण कुणाला ऐकू येणार नाही."

"पन तळं माझं हाय!"

"आणि माणसं माझी आहेत."

तो मान खाली घालून हळूच म्हणाला, "तुमाला म्हाईत न्हाई. आमच्याकडं पोराच्या पाठीला डबा बांधून हिरीत सोडत्यात. डबा सुटला की गूळ-खोबरं वाटत्यात. एकदा सुटला की परत बांधायचा न्हाई... लाज जाती. आन तुमच्या त्या जॅकेटानं बुडी बी मारता येत न्हाई, बुचासारखं वरच राहतं."

"हे दुसरं बरोबर आहे," अश्विनी म्हणाली. खरं ते ती लगेच मान्य करायची. "म्हणून उद्या फुगवायची जॅकेटं आणते. हवा सोडली की बुडी मारा, फुंकली की वर राहा. पण अंगात पाहिजेच. आणि डबा पोहता न येणाऱ्यासाठी असतो, कानिफ. हे दमणाऱ्यासाठी आहे. तुम्ही कधीच दमत नाही का?"

पहिल्यांदाच तिने नुसतं नाव घेतलं होतं.

"गाव म्हनंल, कानिफ पोरीच्या नादानं डबा बांधून पवतो."

"म्हणू दे! उद्या सकाळी मी येईन. तुम्ही घातलंत तर सहल होईल. नाही घातलंत तर मी या बांधावर पुन्हा दिसणार नाही." एवढं बोलून ती निघाली. रस्ताभर डोळे भरून येत होते. पण एक शब्दही मागे घ्यायची तिची तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी बांधावर ही गर्दी! बातमी गावभर झाली होती. अश्विनीने फुगवायचं भगवं जॅकेट पुढे केलं. कानिफने आधी बांधावरच्या लोकांकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि जॅकेट अंगात घातलं. कुणीतरी शीळ घातली, कुणीतरी खिदळलं. त्याचे कान लाल झाले, पण हात पट्ट्यावरून हलला नाही. केशरबाईंनी आपलं जॅकेट चढवलं, आणि एकेक करून सगळ्याजणी पाण्यात उतरल्या.

"पट्टा बरुबर बसलाय का, बघता?" त्याने विचारलं.

अश्विनीने पट्टा ओढून बघितला. छाती जोरात धडधडत होती. त्याची की आपली, तिला कळेना.

"गाव म्हनतंय ते खरं हाय," तो तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला. "तुमच्या नादानंच घातलंय. पटलं बी हाय... पन आदी तुमच्या नादानं."

ती पट्ट्यावरचा हात काढायला विसरली. मग मान वर करून स्पष्ट म्हणाली, "मालवणहून आलो, की रविवारी तुमच्या घरी येते. तुम्हाला बघायला."

"मला? बघायला तर पोराकडची मानसं जात्यात..."

"जातात. मी येणार आहे."

काठाजवळ पाण्यात पालथं पडायच्या बेतात असलेल्या केशरबाई ताडकन वळल्या आणि त्यांनी नळी तोंडातून काढली. "आगं मंग आईबापाला बी घिऊन ये की! एकटी कशाला?"

"आधी मी बघते, काकू," अश्विनी म्हणाली. "पसंत पडला, तर त्यांना आणते."