बुधीची रांग

“हिचा पाय घराला लागला नि लायनी गळाया लागल्या,” सकुबाई चुलीपुढून म्हणाली. “चार दिस झालं, रोज बाराच्या ठोक्याला. माजा काय नाय, पन लोकं बोलतात.”

मागच्या अंगणात मोहाची फुलं वाळत घालणाऱ्या रविनाला सासूचं ते बोलणं स्वच्छ ऐकू आलं. लग्नाला दोन महिने झाले होते. लोकं म्हणजे कोण, हे तिला एवढ्यात कळलं होतं. लोकं बहुतेक चुलीपुढेच बसायची.

तिचा नवरा दीपेश किन्हवलीपासून डोळखांबच्या पाड्यांपर्यंत इंटरनेटची वायर पुरवायचा. डोंगराआड मोबाइलला रेंज नाही, म्हणून घरोघरचा फोनही त्याच वायरीवर. सगळी यंत्रं घराच्या पडवीत. रविनाने लग्नाआधी ठाण्याला तीन वर्षं हेच काम केलं होतं, कुणाची लाइन कुठे नि का तुटते ते शोधायचं. दीपेशला ते ठाऊक होतं. बायकोला विचारायचं कसं, तेवढं ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी पावणेबाराला पाड्यावरच्या आरोग्य उपकेंद्रातून समीक्षा सिस्टरचा फोन आला.

“दादा, आज तरी लाइन टिकू द्या. सोमीला आठवा महिना लागलाय, पाय सुजलेत, प्रेशर उतरत नाय. तालुक्याच्या डॉक्टर बाराला व्हिडिओवर येतात. शहापूरला न्यायची की थेट ठाण्याला, ते त्याच सांगतील. चार दिवस झाले, चेहरा दिसला की कॉल तुटतो. आज तुटला तर पोरीचं काय खरं नाय.”

दीपेश घाम पुसत यंत्राच्या वायरी हलवून बघू लागला. रविनाने पदराला हात पुसले.

“सरका जरा,” ती म्हणाली. तो सरकला.

एका वायरीवरून चाळीस पाडे जायचे म्हणजे रांगा लावाव्याच लागतात. बोलण्याची रांग पहिली, व्हिडिओची दुसरी, बाकी सगळं मागे. वायर भरली की मागच्यांचं सामान यंत्र गुपचूप टाकून देतं. ओरडत नाही, सांगत नाही. किती टाकलं तो आकडा तेवढा ठेवतं.

बारा वाजले. कोंबड्या भिंतीच्या सावलीला चिकटून गप्प झाल्या. पडवीत बॅटरीचा आंबूस वास आणि मागून येणारा मोहाचा गोडसर दर्प एकमेकांत मिसळले होते. डॉक्टरांचा कॉल सुरू झाला, आणि दुसऱ्या रांगेतला टाकलेल्याचा आकडा शून्यावरून चारशेवर गेला, मग चार हजारांवर. पहिली रांग काठोकाठ भरली होती.

“पहिल्या रांगेत बिनमर्यादेचं एकच घर आहे,” रविना म्हणाली. “कुणाचं?”

दीपेश म्हणाला, “बुधीचं. तिचा जैतू वीटभट्टीवर होता. दुपारच्या सुट्टीत आईला फोन करायचा, नि मधेच तुटायचा. म्हातारी चालत आली इथवर. मग मीच नियम लिहिला, ह्या घराला सगळ्यांच्या आधी वाट.”

“नि मर्यादा?”

“म्हातारीला कसली मर्यादा घालायची?”

अशी चूक ठाण्यात कुणीच केली नसती, असं तिच्या मनात आलं. आणि त्याच घडीला तिला नवरा जरा जास्त आवडला.

“मग तिला सांगा, जरा थांब म्हणून.”

“कुणाला सांगू?” त्याचा आवाज खाली गेला. “जैतू तिकडंच गेला गो, भट्टीवर. महिन्याभरात म्हातारी पन गेली. दोन वर्षं झाली. वायर मी माज्या हातानं गुंडाळून आणली...”

रविनाने यंत्राकडे बघितलं. बुधीच्या घराचा दिवा विझलेला होता. मग पडद्याकडे बघितलं आणि मनात हिशेब मांडला. एक फोन म्हणजे चिमूटभर जागा. ही जागा चारशे फोनांची होती. म्हातारीच्या एका फोनासाठी सोडलेल्या वाटेवरून चारशे जण एकदम बोलत होते. दोन वर्षं बोलत असतील. सोमीच्या आधी दुपारच्या वेळी व्हिडिओ लावणारं कोण होतं?

तिने हेडफोन कानाला लावला. लांबच्या बाजारासारखा गलका. एक शब्द धड लागेना. पण प्रत्येकाचा सूर शेवटाला वर चढत होता... काहीतरी विचारून कुणी थांबावं तसा.

“पुसून टाक तो नियम,” दीपेश कुजबुजला. “अगो, पुस...”

“एका फोनापुरती जागा ठेवते. तुम्ही शब्द दिला होतात.” तिने मर्यादा लिहिली आणि बटण दाबलं.

दुसऱ्या रांगेतला आकडा जागच्या जागी थांबला.

बारा वाजून वीस मिनिटांनी समीक्षा ओरडतच बोलली. “दिसल्या! सगळं बघितलं डॉक्टरांनी. थेट ठाण्याला म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता. गाडी निघाली बघा!”

सकुबाई आतून चहा घेऊन आली. कप दीपेशला न देता तिने रविनासमोर ठेवला, आणि साखर बरोबर हाय का, असंही विचारलं. रविना मान हलवून हसली. हेडफोन तिच्या मांडीवर होता. त्यातला गलका आता नव्हता. एकच आवाज बोलत होता. तो थांबला. मग दुसरा बोलू लागला.

आळीच्या टोकाला कुणाचातरी फोन वाजला.

एवढ्या उन्हात कुणी कुणाला फोन करत नाही. तो उचलला गेला, आणि एका बाईचा आवाज आळीभर ऐकू आला, हरखलेला. “आन् कवा आलास रे तू?”

मग काहीच नाही. भांडं पडल्यासारखा आवाज, बस.

मग अलीकडच्या घरातला वाजला. मग त्याच्या अलीकडचा.

“तिचा पोर तर कवाच वारला... कुठं लागतायत हे?” दीपेशने विचारलं. रविनाने पडद्यावर बोट ठेवलं. बुधीचं घर पहिल्या रांगेतून नाहीसं झालं होतं. त्या जागी आळीतली घरं ओळीने येत होती, एकही न गाळता.

शेजारचा फोन वाजायचा थांबला. पडवीच्या भिंतीवरचा वाजू लागला.

त्याच्यावर नंबर उमटला नव्हता. सकुबाईचा हात अर्ध्यावर गेला आणि तिथेच राहिला. “कोन हाय गो?” तिने विचारलं. सुनेला काही विचारायची ही आजची दुसरी वेळ.

“तुम्हीच उचला, आई,” रविना म्हणाली. “आता एकेकच येतायत. मी रांग लावलीय.”