ढकलगाडी

पावसाची सर आली तेव्हा मी बाबांची मोटरसायकल ढकलत रस्त्याने चालले होते. गाडी बंद पडलेली नव्हती. टाकीत पेट्रोल होतं, चाकांत हवा होती, किल्ली माझ्या खिशात होती. मी फक्त तिच्यावर बसत नव्हते.

चढ लागला आणि गाडी एकदम हलकी झाली. मागे पाहिलं, तर एक माणूस मागच्या दांडीला हात लावून ती रेटत होता. कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, हातांवर ऑइलचे डाग, कपाळावरून ओघळणारं पाणी. पुढे माझं गॅरेज आहे, आत घ्या, एवढंच तो म्हणाला. नको म्हणायला मला कारण सुचेना.

पत्र्याखाली आल्यावर त्याने विचारलं, "काय झालंय?"

"बंद पडली."

त्याने हात पुढे केला. मी किल्ली दिली. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली... रोज संध्याकाळी सहाला आमच्या फाटकाशी यायचा, तोच आवाज.

"बंद करा," मी म्हणाले. "बंद करा ना."

त्याने बंद केली. मग थोडा वेळ गाडीकडे पाहिलं, थोडा वेळ माझ्याकडे. "बंद पडली होती म्हणालात."

"तुमच्या हाताला गुण असेल."

तो हसला नाही, पण हसू आवरायला त्याला मान वळवावी लागली.

बाबा पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचे. एकतीस वर्षं याच गाडीवरून ते घरोघर गेले, जिन्यांखाली, कोळिष्टकांत वाकले आणि लोकांचे आकडे टिपून आणले. त्यांना जाऊन सहा महिने झाले होते. कपडे देऊन झाले, चष्मा ड्रॉवरमध्ये गेला. गाडीवरचा आकडा मात्र त्यांनी सोडला तसाच होता, ९९६०८. एवढे किलोमीटर ते हिंडले, असं कुणीतरी लिहून ठेवल्यासारखा. मीटरला आकड्यांची पाचच घरं होती. अजून तीनशे ब्याण्णव किलोमीटर गेले की पाचही घरांत शून्य येणार होतं. तो आकडा बघवेना आणि जाऊही देववेना, म्हणून मी मीटरवर त्यांचा निळ्या चौकटींचा रुमाल दोन गाठी मारून बांधला होता. इंजिन बंद तर मीटर बंद, असं माझं सरळ गणित.

आणि तरी मला जायचं होतं. आत्या, बाबांची मोठी बहीण, तीनशे अठ्ठ्याऐंशी किलोमीटरवर एकटी राहते. गाडी घेतली तेव्हा बाबांनी तिला सांगितलं होतं, पुढच्या महिन्यात येतो, तुला फिरवतो. तो पुढचा महिना एकतीस वर्षं चालला. पुढे ढकलणं आमच्या घरात रक्तातूनच येतं. आता आत्याचे डोळे चालले होते. तीन महिने बरं दिसेल, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आत्या फोनवर म्हणाली, "बसने येऊ नकोस. त्याच्या गाडीवरून ये. दिसतंय तोवर बघू दे मला ती."

त्या दिवशी मी निघायचं म्हणूनच गाडी फाटकाबाहेर काढली होती. किक मारायला पाय उचलला, आणि तो उचललेला पाय खाली ठेवून ढकलत चालू लागले. कुठे, ते मलाही माहीत नव्हतं.

"तक्रार काय लिहू?" मेकॅनिक विचारत होता. त्याच्या हातात जॉबकार्ड होतं. तारीख, तक्रार, रीडिंग असे तीन रकाने.

काहीतरी सांगायला हवं होतं. "चेन पडते मधूनमधून."

त्याने सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं : चैन पडते.

मी एका छापखान्यासाठी प्रुफं तपासते. माझा हात आपोआप पर्समधल्या लाल पेन्सिलीकडे गेला. "एक मात्रा जास्त झालीय," मी म्हणाले. "चेन पडते. चैन... पडत नाही."

"कुणाला?"

मी पेन्सिल काढली. मात्रा तेवढी खोडली. बाहेर पाऊस उगाचच जोरात आल्यासारखा वाटला.

गाडी उद्या मिळेल, असं तो म्हणाला. बरं झालं, असं माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यानंतर दर आठवड्याला माझ्या गाडीला काही ना काही होऊ लागलं. ब्रेक लागतो, पण मनापासून लागत नाही. हॉर्नचा आवाज रडवेला येतो. आरसा उगाच मागचंच दाखवतो. मी गाडी ढकलत न्यायची, त्याने तक्रार लिहायची, मी त्याच्या वेलांट्या सुधारायच्या. मग गाडी तिथेच ठेवून मी घरी यायची आणि दुसऱ्या दिवशी ढकलत परत आणायची. घर आणि गॅरेज यांच्यात बरोबर एक किलोमीटर अंतर होतं. रीडिंगचा रकाना तो मी गेल्यावर भरत असे. तिकडे माझं कधी लक्षच गेलं नाही.

तो एकटाच काम करायचा आणि कामाच्या मधे बोलायचा. मेकॅनिक 'उद्या या' म्हणाला की गिऱ्हाईक भांडतं, 'उद्या' ऐकून चेहरा खुलणारं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच पाहिलं, असं त्याने मला सांगितलं होतं. पाचव्या की सहाव्या खेपेला त्याने मला नाव ठेवलं. मी कोपऱ्यावर दिसले की तो आतूनच म्हणायचा, "आली ढकलगाडी." आणि हातातलं काम टाकून चढावर मागून हात लावायला यायचा. एकदा दोन पेले चहा भरून ठेवलेलाच होता. कुणासाठी, असं मी विचारलं. ज्या गिऱ्हाइकाला घाई नाही त्याच्यासाठी, तो म्हणाला. मी त्याला आत्याबद्दल सांगितलं, बाबांबद्दल सांगितलं. रुमालाबद्दल सांगितलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. मला बरं वाटायचं तिथे. परत घरी आले, की बाबांच्या खोलीचा लावलेला दरवाजा दिसायचा आणि बरं वाटल्याचीच लाज वाटायची.

असे जवळजवळ तीन महिने गेले. बाराव्या खेपेच्या आदल्या दिवशी रविवार होता. आत्याचा फोन आला. ती नेहमीसारखी कधी येतेस, असं विचारेल म्हणून मी कारण तयार ठेवलं होतं. तिने विचारलंच नाही. "आज भिंतीवरचं घड्याळ दिसलं," ती म्हणाली, "काटे नाही दिसले."

तरीही सोमवारी मी गाडी ढकलत गॅरेजलाच गेले.

"तक्रार?" त्याने विचारलं.

"सीट... थोडी कडक वाटते."

त्याने पेन खाली ठेवलं. खणातून कार्डांचा गठ्ठा काढला आणि एकेक कार्ड माझ्यासमोर मांडलं. चेन, ब्रेक, हॉर्न, आरसा. "सीट कडक आहे हे तुम्हांला कसं कळलं?" तो म्हणाला. "तुम्ही बसताच कुठे तिच्यावर? ऑइल अजून जसंच्या तसं स्वच्छ आहे."

मी काही बोलणार, तेवढ्यात माझी नजर तिसऱ्या रकान्यावर गेली. ९९६०९. ९९६११. ९९६१३. शेवटच्या कार्डावर ९९६२९.

मी ते कार्ड उचललं. "तुम्ही चालवलीत ही?"

"नाही."

"मग आकडा कसा फिरला? माझ्या मागे तुम्ही तिच्यावरून हिंडलात. विश्वासाने ठेवत होते मी गाडी." माझा आवाज चढला होता. तो लाल झाला. उठून गाडीपाशी गेला, रुमालाच्या दोन्ही गाठी सोडल्या आणि हँडल धरून, किल्ली न लावता, त्याने गाडी गॅरेजच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ढकलत नेली.

"इकडे या. बघा."

दशांशाचा लाल आकडा सरकत होता. हळू, पण सरकत होता.

"मीटरची केबल पुढच्या चाकातून येते," तो म्हणाला. "इंजिनाचा काही संबंध नाही. चाक फिरलं की आकडा फिरतो. बसून जा, नाहीतर ढकलत न्या."

मीटरवर ९९६३१ होता. अकरा वेळा जाणं-येणं आणि आजचं येणं. तेवीस किलोमीटर मी पायी ढकलले होते. पहिल्याच आठवड्यात निघाले असते, तर आत्याच्या दारात ९९९९६ घेऊन पोचले असते. तिने दिसत्या डोळ्यांनी बाबांचा आकडा पाहिला असता. आता पोचायच्या एकोणीस किलोमीटर आधीच तो पुसला जाणार होता. जे जपायला म्हणून ढकलत राहिले, ते ढकलण्यातच संपवलं.

मी तिथल्या स्टुलावर बसले. रडले असं नाही म्हणणार. बराच वेळ मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

तो रुमालाची घडी घालत उभा होता. "केबल काढून देऊ?" त्याने विचारलं. "दोन मिनिटांचं काम आहे. मीटर इथेच थांबेल, कायमचा. मग कितीही जा."

मी वर पाहिलं. "मी आकडा जपतेय, हे तुम्हांला पहिल्या दिवशी माहीत होतं?"

"पहिल्या दिवशी नाही. तिसऱ्या कार्डाला कळलं. दर खेपेला रुमाल सोडून पुन्हा तशाच दोन गाठी मारत होतो, एवढं तरी कळणारच."

"मग तेव्हाच का नाही काढलीत?"

त्याने हातातल्या रुमालाची घडी उलगडून पुन्हा घातली. "काढली असती, तर तुम्ही निघून गेला असता," तो म्हणाला. "परत आला नसता. मीसुद्धा... ढकलतच होतो."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. मला त्याच्यावर रागावायचं होतं, ते जमलं नाही. आत्याच्या घड्याळाच्या न दिसलेल्या काट्यांचा दोष त्याच्याही पदरात टाकता आला असता, पण तो माझाच होता. मी त्या केबलकडे पाहिलं. काळी, करंगळीएवढी. बाबांनी आयुष्यभर बंद पाडलेले मीटर पकडले. कुणी चुंबक लावायचं, कुणी काडी खुपसायचं. बाबा कुणावर ओरडायचे नाहीत. मीटरवरची धूळ बोटाने पुसायचे आणि म्हणायचे, वापरलंय ना, मग दिसू द्या की. त्यांच्याच गाडीचा मीटर त्यांच्याच मुलीने बंद पाडायचा?

"राहू दे केबल," मी म्हणाले. "सकाळी सहाला येते. इथूनच निघेन."

"मी येऊ बरोबर?" त्याने घाईघाईने विचारलं.

"नको." त्याचा चेहरा पडला, म्हणून पुढचं सांगावं लागलं. "हे एवढं एकटीने करू द्या. परत मात्र येईन."

सकाळी गाडी पुसून रस्त्याकडे तोंड करून उभी होती. मीटर उघडा होता. मी बसले. सीट खरंच कडक होती. पाय उचलला आणि पुन्हा तसाच हवेत राहिला. तो मागे गेला आणि त्याने दांडीला हात लावला, चढावर लावायचा तसा. ढकललं नाही, नुसता हात ठेवला. मी किक मारली.

दिवसभर आभाळ खाली उतरलेलं होतं. मधे पाऊस, मधे नुसता ओलसर राखी उजेड. दुपारनंतर मीटरवर ९९९९९ आला. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, उतरले आणि तो एक किलोमीटर ढकलत गेले. दोन्ही बाजूंना भिजलेली शेतं, माणूस कुणी नाही. लाल आकडा नऊवर आला, तशी आकड्यांची पाचही चाकं एकदम हलली, अर्धवट अडली... आणि सरकली. शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य. मी बाबांना काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

आत्या दारात उभी होती. मी आले हे तिला कळलं ते आवाजावरून, माझ्या नव्हे, गाडीच्या. टाकीवरून, हँडलवरून हात फिरवत ती मीटरच्या काचेपाशी थांबली. "किती झाले गं?" तिने विचारलं.

"एकोणीस."

"बास?" ती म्हणाली. "आणि सांगायचा तर, फार फिरतो म्हणून." मग हसताहसता तिने माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. दुसऱ्या दिवशी तिला मागे बसवून तळ्यापर्यंत फिरवून आणलं. तिला तळं दिसलं की नाही, मी विचारलं नाही. दोन्ही हातांनी तिने मला घट्ट धरलं होतं. बाबांचा रुमाल तिच्याकडेच ठेवून आले.

अकराव्या दिवशी मी गॅरेजच्या चढावर आले, तेव्हा तो सवयीने अर्ध्या वाटेपर्यंत धावत आला आणि मधेच थांबला. गाडी चालू होती. तिच्यावर मी बसले होते.

आत गेल्यावर त्याने कोरं कार्ड काढलं. मीटर पाहिला. ४१०.

"नवी गाडी दिसतेय," तो म्हणाला. "यातले आत्याचे किती?"

"तीन."

त्याने रीडिंग लिहिलं. मग विचारलं, "तक्रार?"

"काही नाही," मी म्हणाले. "अशीच आले."

"रकाना रिकामा ठेवता येत नाही." तो खाली मान घालून सावकाश काहीतरी लिहू लागला आणि कार्ड माझ्याकडे फिरवून उभा राहिला. नेहमीसारखा, तपासून घ्यायला.

तक्रार : अकरा दिवस चैन पडली नाही.

मी लाल पेन्सिल काढली. ओळ एकदा वाचली, पुन्हा वाचली. दोन्ही मात्रा जागच्या जागी होत्या. पेन्सिल तशीच परत पर्समध्ये ठेवली.

"बरोबर लिहिलंयस," मी म्हणाले.