चाळीस फुटांची नदी

प्रेम मोजता येत नाही, असं थोर माणसांनी सांगून ठेवलं आहे. थोर माणसांकडे टेप नव्हती.

एरवी कुठलीही वाढ मोजणं सोपं असतं. आधी किती होतं, आता किती आहे आणि मध्ये किती काळ गेला, एवढं कळलं की झालं. नदी असो, शहर असो की साहेबांचं पोट, हिशेब एकच. या कामासाठी सरकारने खाती उघडलेली असतात आणि त्यात पदवीधर माणसं भरलेली असतात.

त्या शहराच्या पूर्वेला शेवटचं घर आणि नदीचा काठ यांच्यामध्ये एक मोकळं मैदान होतं. मैदानात काहीच नव्हतं, म्हणून दोन खात्यांचं त्याच्याकडे लक्ष होतं. नदी सर्वेक्षण केंद्राचं म्हणणं, नदी काठ खात खात शहराकडे येते आहे. नगर वाढ विभागाचं म्हणणं, शहर नदीकडे चाललं आहे. एकाच इमारतीत वरखाली बसून ही दोन खाती वर्षानुवर्षं आपापलं म्हणत होती. एकमेकांचं ऐकायची पद्धत नव्हती.

केंद्रात एक तरुणी नव्यानेच रुजू झाली होती. तिला सगळे नदीवाली म्हणत. वाढ विभागात एक तरुण होता, त्याला सगळे वाढोबा म्हणत. अंगाने तो काडी होता, त्यामुळे नाव जास्तच चिकटलं.

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं आणि वारा सुटला होता. नदीवालीने टेपचा हुक शेवटच्या घराच्या भिंतीतल्या खिळ्याला अडकवला आणि खाली आकड्यांकडे बघत ती नदीच्या दिशेने चालू लागली. त्याच वेळी वाढोबाने आपल्या टेपचा हुक काठावरच्या खुंटीला अडकवला आणि खाली आकड्यांकडे बघत तो घराच्या दिशेने चालू लागला. मैदान एवढं मोठं होतं, की त्यात एक क्रिकेटचा सामना झाला असता. ही दोघं नेमकी मधोमध आदळली.

"दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसत होतं ना. खालचं." तो चष्मा चाचपडत म्हणाला. "तुम्हालाही बहुतेक खालचंच..."

"मी नदी मोजतेय."

"नदी तिकडे आहे. इथे कोरडं आहे."

"ती किती जवळ आली ते मोजतेय! आणि तुम्ही कुठे निघालात मान खाली घालून?"

"मी शहर किती पुढे गेलं ते मोजतोय."

"कुठे गेलं शहर?"

"नदीकडे."

"आणि नदी येतेय शहराकडे —" ती थांबली.

"म्हणजे... गाठ पडायचीच होती," तो म्हणाला. आपण काय बोललो हे मागाहून लक्षात आल्यामुळे त्याचे कान लाल झाले. नदीवालीला निरीक्षणाचं प्रशिक्षण होतं. तिने कान पाहिले.

दोन टेपांचा एकमेकींत असा काही गुंता झाला होता, की तो सोडवायला दोघांना गवतात बसावं लागलं. वारा होता, बोटं चार होती की वीस ते कळत नव्हतं, आणि कुणालाही घाई नव्हती. शेवटी तो म्हणाला, "चहा घेता? ते शेवटचं घर आमचंच आहे. मघाशी तुम्ही आमच्याच भिंतीला हुक लावलात."

घरात वाढोबाची आई होती. घर तिने गेल्याच वर्षी बांधलं होतं, आयुष्यभर शिवणयंत्र चालवून. त्या वर्षीची शहराची पूर्वेकडची वाढ म्हणजे त्याची आईच होती, पण कामात नातं आणायचं नाही म्हणून त्याने अहवालात तसं लिहिलं नव्हतं.

"आई, या नदी मोजतात."

आईने कप खाली ठेवला. "ही का ती? माझ्या घराला सहा वर्षं देणारी?"

भानगड अशी होती. घर बांधायची परवानगी एका खात्याने दिली होती. पुढे दुसऱ्या खात्याने भागाकार केला. घरापासून काठ दोनशे चाळीस फूट, नदीचा वेग वर्षाला चाळीस फूट, म्हणजे सहा वर्षांत घर पाण्यात. दहा वर्षांच्या आत पाण्यात जाणारी घरं रिकामी करायची, असा नियम होता. तशी नोटीस दाराला चिकटवून गेले होते. आईने तिच्यावर दिनदर्शिका टांगली होती.

"मी नव्हते तेव्हा," नदीवाली म्हणाली. "आमच्या आधीच्या साहेबांनी मोजलं. पण आकडा बरोबर आहे हो. यंदाच्या नोंदीतही नदी चाळीस फूट आली आहे."

"यंदा शहरही चाळीस फूट गेलं," वाढोबा अभिमानाने म्हणाला.

दोघांचेही कप ओठांपाशी थांबले.

"तुम्ही कुठून मोजता?" तिने हळूच विचारलं.

"नदीच्या काठापासून शेवटच्या घरापर्यंत. जेवढं अंतर कमी झालं, तेवढं शहर वाढलं. आणि तुम्ही?"

"शेवटच्या घरापासून नदीच्या काठापर्यंत. जेवढं अंतर कमी झालं, तेवढी नदी आली... गेल्या मोजणीच्या वेळी शेवटचं घर हेच होतं का?"

वाढोबाने मागच्या खिडकीतून पाहिलं. "नाही. ते. मागचं."

फार पूर्वी कुणा अधिकाऱ्याने 'शेवटच्या घरापासून मोजावे' असं लिहून ठेवलं होतं. तेव्हा तिथे घरच एक होतं. अधिकारी निवृत्त झाला, घरं होतच राहिली, आणि त्याच्यामागून आलेला प्रत्येक जण निष्ठेने नव्या शेवटच्या घराला हुक लावत गेला. दोन माणसं एकमेकांकडे चालत यावीत आणि दोघांनीही सगळ्या रस्त्याचा प्रवासभत्ता उचलावा, तसा हा प्रकार होता. शहर चाललेलं सगळं नदीच्या खात्यावर, नदी आलेली सगळी शहराच्या.

दोघांनी तिथल्या तिथे मागच्या घराच्या नदीकडच्या भिंतीपासून या घराच्या नदीकडच्या भिंतीपर्यंत टेप धरली. एकतीस फूट. चाळीसातून एकतीस गेले, नदीच्या वाट्याला नऊ उरले.

"म्हणजे आईचं घर वाचलं!" वाढोबा म्हणाला. नदीवाली टेप गुंडाळू लागली. "का हो? चेहरा का पडला?"

"नदी वर्षाला वीस फुटांच्या वर सरकत असेल तरच केंद्र चालू ठेवतात. नाहीतर बंद."

"मग तुम्ही?"

"माझी बदली. जिथे नदी खरंच धावते तिथे. खूप लांब आहे ते."

त्याची तिच्याशी ओळख होऊन जेमतेम तास झाला होता. एवढ्याशा ओळखीत माणसाला वाईट वाटायला नको. त्याला वाटलंच.

"पण नुसत्या वजाबाकीवर दर ठरवता येत नाही," तो घाईघाईने म्हणाला. "नाही का? मधोमध खांब पुरायला हवा. न हलणारा. त्याच्यापासून काठ मोजायचा. निदान वर्षभर."

"वर्षभर तरी," ती तितक्याच घाईने म्हणाली. "शास्त्राला धरून व्हायला हवं."

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. शास्त्राने त्यांना वर्षाची मुदत दिली.

खांब पुरला. महिन्यातून एकदा मोजलं असतं तरी चाललं असतं. ती दोघं आठवड्याला मोजत. काठ आठवड्याला दोन इंच सरके. त्या दोन इंचांसाठी दोन खात्यांची दोन माणसं अर्धा दिवस मैदानात असत. हुक कुणी धरायचा यावर आधी वाद होई, मग दोघंही धरत.

एकदा मोजणी चालू असताना सर आली. वाढोबाने छत्री उघडली आणि टेपवर धरली.

"टेप भिजली तर काही होत नाही," ती म्हणाली. केसांतून पाणी गालावर उतरत होतं.

"मग?"

"माणसांवर धर."

आधी ती 'धरा' म्हणाली असती. छत्री लहान होती, माणसं दोन होती, आणि वाढ विभागाच्या भाषेत सांगायचं तर घनता वाढली.

"गंमत आहे," तो समोर नदीकडे बघत म्हणाला. "वाढ झालीय हे दिसतंय, पण टक्केवारी निघत नाही. सुरुवातीला शून्य असलं की निघतच नाही. शून्याने भागता येत नाही ना."

"कशाची टक्केवारी?"

"ओळखीची..."

"सुरुवातीला शून्य नव्हतं काही," ती म्हणाली. "कान लाल झाले होते एका माणसाचे."

ते आत्ताही झाले होते.

आई सुरुवातीला एकच कप चहा बाहेर आणत असे, मुलापुरता. पण दर आठवड्याला ती दारातून विचारी, "आज किती गं?"

"दोन इंच."

"फक्त?" असं म्हणताना तिचा चेहरा उजळे. नदीचा वेग ही मुलगीच कमी करते आहे, असं तिच्या मनाने हळूहळू घेतलं. दुसरा कप सुरू झाला. पुढे दुसरा कप आधी आणि मुलाचा नंतर येऊ लागला. "हिच्या आधी चाळीस फूट होती हो नदी," असं ती शेजारणीला सांगे.

वर्ष संपलं. खांबापासून काठ नऊ फूट सरकला होता. त्यांनी पुन्हा मोजलं. मग उगीच तिसऱ्यांदा मोजलं. नदी बधली नाही.

संध्याकाळ होती. ती खांबाला टेकून उभी राहिली. तो टेप गुंडाळत होता, गुंडाळून झालेली उलगडत होता आणि पुन्हा गुंडाळत होता.

"चाळीस लिही," तो एकदम म्हणाला.

"काय?"

"दरवर्षी लिहितात तसं. मीही शहराचे चाळीस लिहितो. आपले साहेब एकमेकांचे अहवाल वाचत नाहीत. स्वतःचेही वाचत नाहीत."

"आणि घर?"

"आईसाठी भाड्याचं बघू कुठेतरी..."

"त्यांनी जन्मभर शिवण शिवून बांधलंय ते. आणि नदीवर खोटा आळ घ्यायचा? तिला बोलता येत नाही म्हणून? एकतीस फूट तुमची घरं पुढे आली आणि फाशी हिला?"

"पण तू... इथे राहशील."

"बरं. पुढे?"

"पुढे काही नाही. एवढंच."

"एवढंच? वर्षभर दोन-दोन इंच मोजून एवढंच?" तिचा आवाज चढला. "एका वाक्यासाठी किती फुटांची वाट बघायची असते रे माणसाने?"

टेप त्याच्या हातातून सुटली आणि सुर्रकन आपोआप गुंडाळली गेली.

"मला वाटत होतं, तूच जवळ येते आहेस," तो म्हणाला. "मी आपला जागच्या जागी उभा. म्हटलं, हिचा वेग बघू, मग बोलू."

"आणि मला वाटत होतं, मी हललेच नाहीये. येतोय तो हाच."

दोघांनी खाली पाहिलं. मधलं अंतर मोजण्यासारखं राहिलं नव्हतं.

"मग आता?"

"आता मी नऊ लिहिणार," ती म्हणाली आणि तिने त्याचा हात धरला. तिचा हात थंड होता, त्याचा घामेजला होता. सरासरी ठीक होती.

तिने नऊ लिहिले. नोटीस रद्द झाली. केंद्र बंद झालं. बदलीचा हुकूम इतक्या तत्परतेने आला, की त्या खात्याकडून एवढ्या गतीची कुणी कल्पनाही केली नव्हती.

आईने आधी दिनदर्शिकेमागची नोटीस काढून फाडली, मग बदलीचं ऐकून ती मटकन खुर्चीत बसली.

"थोडं जास्त लिहायला काय झालं होतं हिला?"

"आई, जास्त लिहिलं असतं तर घर गेलं असतं."

"किती लिहिलं की केंद्र राहतं?"

"वीसच्या वर. एकवीस समज."

"आणि एकवीसने माझं घर किती वर्षं?"

वाढोबाने मनात भागाकार केला. घरापासून काठ आता दोनशे एकतीस. "अकरा," तो म्हणाला, आणि त्याने पुन्हा एकदा भागाकार करून पाहिला.

"दहाच्या वर आहे की! नोटीसही नाही, बदलीही नाही. शिकलेली माणसं तुम्ही! चाळीस नाहीतर नऊ. मध्ये काही आकडेच नसतात का रे?"

"नदी नऊच सरकली होती, आई," नदीवाली म्हणाली. आई असं ती पहिल्यांदाच म्हणाली. आईने तिच्याकडे पाहिलं, पदराने नाक पुसलं आणि चहा टाकायला उठली.

लग्न साधंच झालं. दोन्ही खात्यांनी अर्ध्या दिवसाची रजा दिली. नंतर वाढोबाने अर्ज केला आणि त्यालाही तिच्याच गावाला बदली मिळाली. तिकडे जायला दुसरं कुणी तयार नव्हतं. नदी धावती असल्यामुळे ते गाव दरवर्षी लहान होत जातं. तिथेही वाढ विभाग आहे. तो उणे वाढ मोजतो.

निघायच्या दिवशी आईने शेजारणीला सांगितलं, "लोकांच्या मुली सासरी जातात. आमच्याकडे मुलगा निघालाय." मग वरच्या मजल्यासाठी विटा सांगायला ती स्वतःच गेली.

त्या वर्षी शहराची लोकसंख्या वाढोबामुळे एकाने कमी झाली. अहवालात टक्केवारी दशांशाच्या एकाच स्थळापर्यंत देतात, त्यामुळे तो त्यात दिसत नाही.